‘नावाडीण’चे शेवटचे दोन प्रयोग

४ जाने., रविवार
दुपारी गोकुळनाना दुकानात आले. पेटी वाजवणारे, आणि नाटकाच्या पार्टीचे मालकही तेच. मला वाटलं लुगडं हवं असेल. त्यांच्या पार्टीतली इंदुबाई स्टेजवर नेसते ते हिरवं लुगडं दर दोन वर्षांनी आमच्याच दुकानातून जातं. नानांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “भाभी, नावाडीण बंद करी ऱ्हायनूत.”
का, ते सांगितलं नाही. “बाई थकी गई,” एवढंच.
दोन प्रयोग उरलेत. ११ला ब्राह्मणपुरी, २५ला इथे शहाद्यात. दोन्ही दुपारचे.
नंतर एक गिऱ्हाईक पोपटी मागत होतं, मी मोरपंखी काढून दिली.

७ जाने.
जेवताना यांना सांगितलं. हे म्हणाले, “सव्वीस वेळा पाहिलंस. पाठ आहे तुला. घरी बसून म्हण.”
सत्तावीस. शिवाय पाठ असणं वेगळं.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सासूबाई बोलायच्या नाहीत, पण पाहुण्यांसमोर उसासा टाकायच्या. इंदुबाईची नावाडीण नवरा गेल्यावर तापीत त्याचीच नाव घालते. गाव म्हणतं, बाईच्या नावेत बसणार नाही. ती रिकामी नाव घेऊन रोज पलीकडे जाते, रोज परत येते. भांडत नाही. दोन काठांमधले आपले हाल गाते फक्त:
पानी म्हणे थांब थांब, वल्हं म्हणे चाल,
आथा काठ, तथा काठ, मझार मन्हा हाल.
त्या दिवशी घरी येऊन मी दुकानात बसायला लागले. कोणाला विचारलं नाही. पुढे मनीष झाला, तो भाग निराळा. पण दुकानात बसले ती या नाटकामुळे. हे मी यांना कधी सांगितलेलं नाही.

११ जाने., रवि.
ब्राह्मणपुरी. शेजारची निर्मला बरोबर. पहिल्या रांगेत जागा मिळाली. शाळेचं पटांगण, पत्र्याचा मंडप, समोर ऊस उभा.
काय बाई आहे ती. वय साठच्या पुढे. हातात नुसती काठी, आणि काठी पाण्यात गेली की पाणी जड झालेलं आपल्याला दिसतं. कमरेतून वळते तेव्हा नाव वळते. निर्मला पहिल्यांदाच बघत होती, तिने माझा हात धरून ठेवला होता.
मग दुसऱ्या अंकात, पाटलाशी वादावादी चालू असताना, इंदुबाई थांबली.
लोकांना वाटलं पॉज घेतला. मला माहीत होतं तिथे पॉज नाही. तिने पेटीकडे पाहिलं. नाना सूर धरून बसले, पण वाक्य सुरात नसतं ना. आणि मी, सवयीने, तोंडातल्या तोंडात पुढचं वाक्य म्हणत होते. तिची नजर माझ्यावर पडली. माझे ओठ पाहून तिने वाक्य उचललं. टाळ्या पडल्या!
त्यानंतर प्रयोग संपेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली. चार वेळा.
शेवटी नाना आले. “भाभी, बाई बलाई ऱ्हायनी.”
चौथीचा वर्ग. बाकावर इं.बा., अर्धा चेहरा पुसलेला, अर्ध्यावर रंग. म्हणाली, “तूच ना वं, व्हट हालाडनारी?”
मी हो म्हटलं.
“गाना ध्यानमा ऱ्हातस. बोलनं निंघी जास. डाक्टरनी सांगं, आते वाढतच जाई.” मग एकदम, “पंचवीसले मन्हा बाजूले बठजो. आडोसाले. कोनले सांगू नको.”
एवढ्या वर्षांत या पार्टीला कधी प्रॉम्प्टर लागला नव्हता.

१२ जाने.
हो म्हणून आले आहे. आज खरं लिहिते. मला शेवटचा प्रयोग समोरून बघायचा होता. मधल्या खुर्चीवर बसून, नीट, सगळं. विंगेतून काय दिसणार? पाठ आणि दोऱ्या.
लाज वाटली असं लिहून. पण खोडत नाही.

१६ जाने.
चार दिवस दुकानात गिऱ्हाईक नसताना सगळं नाटक वहीत उतरवलं. नानांकडे लिहिलेलं काहीच नव्हतं, सगळ्यांच्या डोक्यात. ती वही घेऊन आज धानोऱ्याला इं.बा.च्या घरी गेले, नंदुरबारला गाडी बदलून. तिची सून रंजना, शांत मुलगी, अंगणात मिरच्या निवडत होती.
मी वाक्य वाचायचं, बाईने पुढचं म्हणायचं, अशी तालीम. माझ्या जिभेवर मारवाडी घरची, अहिराणी दुकानातली. ‘नाही’ म्हटलं की थांबवायची. “नही म्हन. नाही मास्तर म्हनतस.” तीनदा. चौथ्यांदा दोघी हसलो.
जेवली का, ते तिला आठवत नव्हतं. रंजनाला दोनदा विचारलं. रंजनाने दोन्ही वेळा सारख्याच आवाजात सांगितलं.
आणि मग असं झालं. मी पहिल्या अंकातलं नवरा बुडाल्याचं वाक्य वाचलं, आणि बाई पुढचं वाक्य न बोलता गायला लागली. हे गाणं नाटकात नाही! अठ्ठावीस वेळा पाहिलंय मी, नाहीच.
नीज नीज मन्ही नाव, तुले बांधं खुटाले,
धनी गया पल्याड, आते कोन सोडी तुले.
“हे कुठलं, बाई?”
“पयले व्हतं. लोकेसले रडू ये म्हनीसन काढी टाकं.”
नावेला झोपवतेय ती. मूल झोपवावं तशी. सगळं पूर्ण म्हणाली, एक शब्द न अडखळता. रंजना मिरच्या सोडून दारात उभी. तिनेही आजच ऐकलं.
गाडीत खिडकीपाशी बसून ते गाणं वहीच्या शेवटच्या पानावर उतरवलं.

२१ जाने.
काउंटरवर वाक्यं घोकत होते. एक काकू म्हणाल्या, “भाभी, जप करी ऱ्हायनी का?” यांनी ऐकलं. दुकान वाढवल्यावर विचारलं, मग सांगावंच लागलं. बाई कोणाला सांगू नको म्हणाली होती. पण यांना न सांगता पुढे जाणं जमेना.
हे साड्यांच्या घड्या घालत होते. मग म्हणाले, “आडोशाला उजेड कमी असतो. उद्या चष्म्याची काच बदलून घे.”

२५ जाने., रवि.
शहादा. मैदान भरलेलं. लोक ट्रॅक्टर उभे करून वर बसलेले.
विंगेत स्टुलावर बसले, वही मांडीवर. आणि काय सांगू, एवढ्या वर्षांत दिसलं नव्हतं ते दिसलं. पूर म्हणजे निळं कापड, दोन बाया खाली बसून हलवतात, घामाघूम. तरी मला पूरच दिसला. इं.बा.च्या टाचा भेगाळलेल्या. दर एन्ट्रीच्या आधी ती डोळे मिटते आणि अंगठ्याने जमीन चाचपते, काठ शोधावा तसा. समोरून ती मोठी वाटायची. इथून तिला किती कष्ट पडतात ते दिसलं, आणि अजूनच मोठी वाटली.
अकरा वेळा वाक्य दिलं. पहिलं फारच हळू गेलं. नंतर जमलं. ती वळून बघायचीही नाही, कान फक्त इकडे. पाटलाच्या प्रसंगात तर भांडता भांडता चालत माझ्या अंगावरच आली, वाक्य घेतलं आणि तसंच नेऊन त्याच्या तोंडावर मारलं. लोक हसले. मीही.
शेवटचा प्रसंग. पूर आलाय, ज्यांनी नावेत बसायला नकार दिला तेच काठावर उभे. तिने म्हणायचं असतं, “बठा. बाईनी नाव शे, पन पानीले काय माहीत.” थांबली. मी दिलं. तिने ऐकलं, मला दिसलं तिने ऐकलं. पण हाताने मला थांब म्हणाली. आणि लोकांकडे बघून बोलली,
“बठा. मन्हा घाट मीच इसरी गऊ. पन नाव तुमले पार लई जाई.”
नानांचे हात पेटीवरच थबकले. पाटील झालेल्या माणसाने मान खाली घातली, तेही नाटकात नाही. मग तिने स्वतःच गाणं उचललं, वल्ह्याचं, आणि सगळे एकेक करून नावेत बसले. पूर्ण गायली. आवाज कुठे कापला नाही.
लोक उभे राहिले. मला वहीतली ओळ दिसेना.
आत आल्यावर माझ्या गालावर हात ठेवला. “बरं व्हयनं का, पोरी?”
बरं? बाई, काय सांगू तुला.

२६ जाने.
दिवसभर दुकानात एकच विषय. “काय शेवट करा बाईनी!” सगळ्यांना वाटतं नव्याने लिहिलेलं वाक्य. निर्मला रागावलीय, तिने शेजारची खुर्ची धरून ठेवली होती, मी आलेच नाही. डोकं दुखत होतं म्हटलं.
पहिल्यांदाच तिला खोटं बोलले. तिने लिंबू सरबत पाठवलं.

२ फेब्रु., सोम.
सकाळी रंजनाच्या फोनवरून इं.बा. आवाज एकदम ताजा.
“भाभी, आते आपला प्रयोग कोठे शे?”
पलीकडे रंजना हळूच काही बोलत होती, कळलं नाही.
“नाना काही सांगत नही,” ती म्हणाली. “हिरवं लुगडं धोई ठेवं मी.”
मी म्हटलं, “पयले तालीम करूत ना, बाई.”
“मंग उद्या ये.”
नानांना तीनदा फोन केला, उचलत नाहीत. नंतर रंजनाने केला. रडत नव्हती. म्हणाली, पंचवीसपासून बाई रोज सकाळी अंगणात सगळी गाणी म्हणतात, आजूबाजूच्या बाया येऊन बसतात. म्हणाली, “तुम्ही या भाभी, पण बंद झालं हे सांगायला येऊ नका.”
सांगायला नको, तर मग काय करायला?
यांना विचारलं. हे म्हणाले, दुकान मी बघतो, तू जा.
उद्या अकराची गाडी. तिथे अंगणात बसल्यावर बाईने पुन्हा विचारलं, कोठे शे प्रयोग, तर मी वही उघडणार आणि म्हणणार, “आठेच शे, बाई, ह्या आंगनमा.”