एकमेव घटना

१२ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर धड ऐकू येत नाही आणि ऑफिसच्या लॅपटॉपवरून मेल करायची मला छाती होत नाही, म्हणून हे पत्र. कुरिअरवाला म्हणतो, उद्या सकाळी पोचेल.

आठ वर्षं घरी काढल्यावर ही नोकरी मिळाली. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीची जनसंपर्क अधिकारी म्हटल्यावर तू हसलीस, आता चढउतार रोजचेच म्हणालीस. तीन महिने बरे गेले. गेल्या आठवड्यात आमच्या प्रमुख बाई दुसरीकडे गेल्या आणि अख्खा विभाग म्हणजे मी आणि कॉफीचं यंत्र एवढेच उरलो.

रोज इंटरनेटवरून शिकतेय. आत्ता सत्तावीस पानं उघडी आहेत. जो तो यशाची दहा सूत्रं सांगतो आणि अकरावं सूत्र म्हणजे त्याचाच कोर्स. तू तीस वर्षं जहाज कंपनीत हेच काम केलंस, अजून भिंग लावून सगळं वाचतेस. खऱ्या कामाच्या साइट कुठल्या, तेवढं कळव.

आणि लवकर कळव. आज दुपारी आमची एक लिफ्ट दोन मजले घसरली. आत एक म्हातारे शिंपी होते, त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. आमच्या मॅनेजरसाहेबांनी प्रेसनोटच्या तयारीला लागायला सांगितलंय. घाईत लिहितेय. अक्षर सांभाळून घे, आणि मलाही.

तुझी,
ठमी

१३ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

आधी ती सत्तावीस पानं बंद कर. तयार प्रेसनोटचे नमुने देणारी साइट तर पहिली. तिथे गाळलेल्या जागा भरायच्या असतात, आणि आपल्या धंद्यात गाळलेलं तेवढंच महत्त्वाचं असतं.

आपल्या व्यावसायिक संघटनेच्या साइटवर आचारसंहिता आहे. दीडच पान. छापून टेबलावर ठेव, साहेबांना दिसेल अशी. एका विद्यापीठाचा सहा आठवड्यांचा फुकट कोर्स आहे, त्यातला तिसरा धडा फक्त बघ, बाकी पाल्हाळ. आणि एक संग्रह आहे, जुन्या अपघातांचा. कंपनीनं पहिल्या दिवशी काय म्हटलं आणि वर्षभरानं काय निघालं, दोन्ही शेजारी शेजारी. तो शेवटाकडून वाच. आपल्या लोकांचा एक मंच आहे, तिथे नाव न देता विचारता येतं. पण पहिली दोन-चार उत्तरं सोडून द्यायची. ज्यांना घाई असते त्यांना काम नसतं. सगळ्यांचे पत्ते मागच्या बाजूला लिहिलेत.

इतकं सांगून झाल्यावर खरं सांगते. लिफ्ट का घसरली, हे कुठल्याही साइटवर नाही. ते वर्कशॉपमध्ये आहे. चप्पल घाल आणि जा. शिंपीबुवा कसे आहेत, तेही कळव. तू नुसतं हाड लिहिलंस, माणसाचं काही लिहिलं नाहीस.

तुझ्यावर जीव असलेली,
मावशी

१४ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू कान उपटलेस ते बरं केलंस. शिंपीबुवांचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी विचारलं, हातातला कोट चुरगळला का म्हणून.

वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या थोरल्या मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणतात. आधी त्यांनी मला हाकललंच. मग दार लोटून घेतलं आणि ब्रेकचं लायनर, म्हणजे चाक घट्ट धरणारी पट्टी, हातात दिलं. नखानं भुगा पडत होता. म्हणाले, गेल्या वर्षी आलेला हा माल आणखी एक्केचाळीस लिफ्टमध्ये बसलाय. ऑगस्टमध्ये त्यांनी तसं लेखी कळवलं होतं. त्यावर काही झालं नाही.

साहेबांना सांगितलं. ते चिडले नाहीत, उलट खुर्ची दिली. म्हणाले, तपासणी होईपर्यंत एवढंच लिहा की ही एकमेव घटना आहे. दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. नोट उद्या नाही, परवा बारा वाजता जायची आहे. तुझ्या त्या संग्रहात हेच वाक्य मला तीन कंपन्यांच्या तोंडी सापडलं. पुढच्या पानांवर तिन्हींचा दुसरा अपघात होता.

मंचावर विचारलं. अकरा उत्तरं आली. सात जणांचं म्हणणं, लिहून मोकळी हो, सही थोडीच तुझी असते. एकानं फक्त विचारलं, त्या एक्केचाळीस जागांचे पत्ते तुझ्याकडे आहेत का? आहेत गं. उस्तादांनी दिलेत, पर्समध्ये आहेत.

मावशी, ही नोकरी गेली तर पुन्हा मला कोण उभं करणार? तू सांगशील तसं करीन. उत्तराची वाट बघतेय, मायेत कंजुषी करू नकोस.

तुझी,
ठमी

१५ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

शेजारच्या फिजिओथेरपिस्ट बाई उद्या सकाळी तुझ्या बाजूला येतायत. हे त्यांच्याच हाती देते, कुरिअरचा भरवसा नको.

मी सांगेन तसं करणार म्हणतेस. तसं मी काही सांगणार नाही. घडलेलं सांगते. तुझ्या आईलाही हे ठाऊक नाही. आमच्या एका बोटीचा कठडा निखळला होता. कोणाला लागलं नाही. मी लिहिलं, ही एकमेव घटना आहे. छान वाक्य होतं, व्याकरणाची एकही चूक नव्हती. एकोणिसाव्या दिवशी दुसऱ्या बोटीचा कठडा गेला. एक शाळामास्तर बुडाले. त्या दिवसाचीही नोट मीच लिहिली. मला बढती मिळाली, ठमे.

निवृत्त झाल्यापासून भिंग लावून काय वाचत बसते, असं तुम्ही सगळे विचारता ना. दुसऱ्या कोणी त्या वेळी काय केलं असतं, ते शोधत असते.

काहीही केलंस तरी माझं दार तुला उघडंच,
मावशी

१८ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा सकाळी साडेनऊला मिळालं. जिन्यात उभ्यानं वाचलं.

प्रेसनोटऐवजी मी त्या एक्केचाळीस इमारतींसाठी एक सूचना लिहिली, आठच ओळींची. लिफ्ट बंद ठेवा, मेकॅनिक येतोय, कारण हे. साहेबांपुढे ठेवली. त्यांनी वाचून बाजूला सारली आणि ते एक वाक्य मागितलं. मी म्हटलं, ते मला लिहिता येणार नाही. आपण लिहा, आणि खाली आपलं नाव घाला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. म्हणाले, मालकांशी बोलावं लागेल. आणि उठून गेले.

मी थांबले नाही. उस्तादांच्या टेबलावरून एकेका इमारतीला फोन लावायला घेतला. कोणी शिव्या घातल्या, कोणी लेखी मागितलं, एका चौकीदारानं काही न विचारता लिफ्टचा खटका बंद केला. चारपर्यंत अडतीस लिफ्ट बंद झाल्या. तीन ठिकाणी कोणी फोन उचलेना, तेव्हा उस्ताद स्वतः निघाले. त्यातलं शेवटचं एक प्रसूतिगृह होतं. त्यांनी ब्रेक लावून चाक हातानं ढकललं, तर ते फिरलं, म्हणजे ब्रेक धरतच नव्हता. काही क्षणांपूर्वीच त्या लिफ्टमधून एक बाळंतीण वर गेली होती. हे सांगायला त्यांनी मला तिथूनच फोन केला.

सहा वाजता माझं ओळखपत्र काढून घेतलं. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं आहे. बहुधा कायमचंच. आचारसंहितेचं दीड पान तेवढं घेऊन बाहेर पडले.

काल सकाळी कंपनीच्या साइटवर सूचना आली. माझ्याच आठ ओळी, खाली साहेबांचं नाव. घाईत पाचव्या ओळीत माझा एक स्वल्पविराम चुकला होता, तोसुद्धा तसाच आहे. मी खूप रडले, मग तीच सूचना पुन्हा वाचली. चांगली लिहिली आहे गं.

सोमवारी तुझ्याकडे येतेय, राहायलाच. कागद आणि पेन काढून ठेव. त्या मास्तरांच्या घरी कोणी असेल, तर तू त्यांना आता तरी लिहावंस असं मला वाटतं. सुचलं नाही तर मी शेजारी बसेन.

तुझीच,
ठमी