डाव्या हाताचे कागद

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

गुडघ्याचा व्यायाम करतेस का? फोनवर थापा मारतेस, म्हणून पत्रात विचारते.

इस्पितळात मला कलोपचार विभागाची प्रमुख करताहेत. म्हणजे फायली आणि बैठका. रुग्णांना घेऊन चित्रं काढायला बसणं संपलं. तरी हो म्हणावंसं वाटतंय. कारण सांगते. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात लुळा पडलेले एक शिंपीकाका यायचे. डाव्या हाताने कप काढत होते. त्यांना धीर यावा म्हणून मीही शेजारी बसून कप काढला. सवयीचा हात, झकास उतरला. त्यांनी दोन्ही कप पाहिले आणि पेन्सिल खाली ठेवली. तीन आठवडे फिरकले नाहीत. चूक माझीच. मावशी, चार वर्षांत मी स्वतःसाठी एक रेघ ओढलेली नाही. दुसऱ्यांना कुठल्या तोंडाने सांगू? महिनाअखेर उत्तर द्यायचंय.

माझ्या आळसापायी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
चिमी

९ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा तुझ्यापेक्षा बरा आहे.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! खुर्ची हवी तर खुशाल घे, पण पळ काढायला घेऊ नकोस. मी शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली आणि स्वतःसाठी काढायचं राहूनच गेलं. त्याचं अजून वाईट वाटतं. तू रोज अर्धा तास काढ, तेही डाव्या हाताने. म्हणजे त्या गृहस्थांना काय वाटत असेल ते तुला कळेल. एखादं मला पाठव. हसेन, पण बेताने.

तुझी,
मावशी

२६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न.

पंधरा दिवस काढते आहे. पहिल्याच दिवशी कपाचा कान जमेना, तेव्हा कागद फाडला आणि रडले. काकांच्या वाकड्या रेघांना मी किती सहज छान म्हणत होते, याची फार लाज वाटली.

त्यांना फोन करून माफी मागितली. सोमवारी आले. रेघ वाकडी गेली तसा त्यांनी रागाने कागद चुरगाळला. मी छान-बिन काही न म्हणता दुसरा पुढे केला. असे सहा गेले. सातव्यावर कात्री उतरली. वाकडी, पण कात्रीच. प्रमुखपदाला नकार कळवलाय.

चित्र मात्र पाठवत नाही, रागावू नकोस. ही चित्रं कुणाला दाखवायची नाहीत. इतक्या वर्षांनी काहीतरी फक्त माझं आहे.

सोबत एक कोरी वही पाठवते आहे. तीत काय काढशील, ते मलाही दाखवू नकोस.

तुझी,
चिमी