वळणावर वाट द्यावी

४ नोव्हेंबर

आज सामान लागले आणि, लिहावयास हरकत नाही, मी प्रसन्न आहे. वरच्या मजल्यावर घरमालकीणबाई व खालच्या मजल्यावर मी, अशी या घराची वाटणी आहे. बाहेरच्या दारापासून माझ्या खोलीपर्यंत एक चिंचोळी वाट असून तीत बुटांचे कपाट ठेवल्यामुळे एकाने अंग चोरल्याखेरीज दुसऱ्यास पुढे जाता येत नाही. मागच्या खिडकीतून मात्र डोंगर दिसतो आणि त्यावर चढणारी पायवाट आखल्यासारखी स्वच्छ दिसते.

छापखान्यात मुद्रिते तपासण्यात माझी उमर गेली. निवृत्तीच्या दिवशी धाकट्या मुलीने कॅमेरा दिला आणि म्हणाली, बाबा, माणसांच्या चुका पुष्कळ काढल्यात, आता पाखरांच्या काढा. पंधरवड्याच्या आत ती राहावयास येणार आहे. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघे एका छपराखाली राहिलेलो नाही. या खेपेस भांडावयाचे नाही, असे मी ठरविले आहे. तिने काय ठरविले आहे, ते ठाऊक नाही.

६ नोव्हेंबर

पहाटेच्या दवात कोळ्याची जाळी उत्तम मिळाली. अर्ध्या चढावर पायवाट एकदम डावीकडे वळते. सरळ पुढे पाहिल्यास केवळ कडा व खाली दरी. तेथे एक चमत्कारिक प्रकार पाहिला. चढणारा प्रत्येक जण त्या वळणावर डोंगराच्या अंगाला सरकतो, श्वासभर थांबतो आणि मग पुढे चालू लागतो. मागून कोणीही येत नसते! धावणाऱ्या एका तरुणानेही कानातली गाणी काढून हा उपचार पाळला. एका बाईंस विचारले. वाट देतो, एवढेच त्या म्हणाल्या.

प्रकाश नेमका कड्याच्या टोकावरूनच साधत असल्यामुळे कॅमेऱ्याची तिपाई मी तेथेच, वाटेच्या मधोमध रोवली. माझ्याच वयाचा एक गृहस्थ मला आजोबा म्हणून हाक मारता झाला आणि जरा डोंगराकडे सरका म्हणाला. आपले काही नाते असल्याचे मला स्मरत नाही, असे मी त्यास सांगितले. सगळे ताटकळले, परंतु मी हललो नाही. छायाचित्र अप्रतिम आले. मानेमागे कोणी येऊन थबकावे तसा गारवा मात्र जाणवला. घाम वाळत असावा.

७ नोव्हेंबर

नगरपालिकेच्या निवडणुकीचे कर्णे सकाळपासून बोंबलत आहेत. अध्यक्षांचे पत्रक दाराखालून आले. ‘विकास’ सोडल्यास एकही शब्द शुद्ध नाही. गृहस्थ वीस वर्षे त्या खुर्चीस चिकटून आहेत. म्हाताऱ्यांनी वेळीच बाजूला होऊन नव्यांना वाट द्यावी, हे यांना कोण सांगणार?

नागरिकाचे कर्तव्य म्हणून मी त्यांस एक अर्ज लिहिला: सदर वळण अरुंद व धोकादायक असून तेथे पादचाऱ्यांची निष्कारण खोळंबणूक होते, तरी डोंगर कापून ते रुंद करावे. स्वल्पविरामही जागच्या जागी आहेत. अर्ज असा असावा.

१० नोव्हेंबर

धाकटीने कळविले, फुलांचे-पाखरांचे फोटो पुरेत, स्वतःचा एक पाठवा. अंगणात तिपाई ठेवून, आपोआप टिपण्याची कळ दाबून समोर उभा राहिलो. माझा चेहरा धूसर आला. मागचा डोंगरही धूसर. माझ्यामागे दोन पावलांवरचे खडे तेवढे लख्ख, मोजून घ्यावेत असे. जणू कॅमेऱ्याने तेथे कोणाला तरी नेमके हेरले होते.

पुन्हा टिपला. आता एका पावलावरचे खडे लख्ख.

गारवा गेलेला नाही. वळून पाहिले की तो वळतो. तो नेहमी पाठीशीच असतो.

१२ नोव्हेंबर

कॅमेऱ्याच्या दुकानदाराने भिंग तपासले. दोष नाही म्हणाला. खात्रीसाठी त्याने माझाच फोटो काढला, पडद्यावर पाहिला आणि कॅमेरा माझ्याकडे न देता टेबलावर ठेवला. पैसे राहू द्या म्हणाला. फोटोत माझ्या कोटाच्या कॉलरची मागची कड तेवढी स्पष्ट आहे.

घरी आलो. घरमालकीणबाई जिन्यात होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, माझ्या खांद्यावरून पाहिले. वळणावर सरकला नाहीत ना, असे विचारले. मी काही बोलण्याआधीच म्हणाल्या, आमचे हेही तुमच्यासारखेच होते, लाख शहाणे. त्यांच्या म्हणण्यानुसार, गावातून चढणाऱ्यांच्या मागोमाग काहीतरी रोज चालत येते. वळणावर वाट दिली की ते सरळ पुढे, कड्यावरून जाते, कारण तेथे पुढे कोणी नसते. वाट न दिल्यास ते अडवणाऱ्याच्या मागे लागते. त्यांच्या यजमानांनी ते घरी आणले. काही दिवसांनी असह्य झाले आणि यजमान याच चिंचोळ्या वाटेत बाजूला झाले. समोर खोलीत सासूबाई विणत बसल्या होत्या.

सासूबाईंचे काय झाले, असे मी विचारले. विणकाम अर्धेच आहे, दाखवू का, असे त्या म्हणाल्या.

मी नको म्हटले. उपाय एकच: पुन्हा वर जाऊन तेथेच वाट देणे. उद्या विश्रांती. परवा जाईन.

१४ नोव्हेंबर

वाटेवर दोरी बांधलेली. यंत्रांचा आवाज. मुकादम म्हणाला, काका, परत फिरा. निवडणुकीपूर्वी काम उरकण्याचा हुकूम आहे. त्या वळणाचे काय, असे विचारले. कसले वळण, म्हणाला, डोंगर कापला, कड्यावर भराव घातला, आता सरळ रस्ता होणार. अध्यक्षसाहेबांनी एका नागरिकाचा अर्ज सभेत वाचून दाखवला म्हणे. काय भाषा होती, म्हणाला.

भराव पाहिला. कडा उरलेला नाही.

जेथे पुढे कोणी नसेल अशी दुसरी जागा मला ठाऊक नाही.

१५ नोव्हेंबर

रात्री भिंतीला पाठ टेकून बसलो. भिंत गार पडते. नंतर पाठीशी भिंत आहे असे वाटेनासे होते.

धाकटीला फोन केला. येऊ नकोस म्हणालो. तिने कारण विचारले. बरे नाही, एवढेच म्हणालो. ती हसली, तुम्हाला बरे नसले की तुम्ही असेच करता, म्हणाली. मग म्हणाली, आई होती तेव्हा मला घ्यायला तुम्ही कधी दारापर्यंतसुद्धा आला नाहीत. या वेळी दारात उभे राहा, एवढेच पुरे.

फोन ठेवला तिने.

घरमालकीणबाई बहिणीकडे निघून गेल्या. उद्या सकाळी मीही निघतो. ती दुपारच्या बसने येण्यापूर्वी. गाडी सांगितली आहे. जेथे माणसे नाहीत तेथे—

१६ नोव्हेंबर

दाराची कडी काढून चिंचोळ्या वाटेत उभा आहे. पिशवी हातात. गाडी अजून नाही. बुटांच्या कपाटावर वही ठेवून लिहितो. लिहीत असलो की मागे लक्ष जात नाही.

पाठीमागे श्वास नाही. श्वास असता तर बरे झाले असते.

गाडी आली. नाही— दार वाजले— बाबा, अशी हाक. लवकरच्या बसने आली आहे. जा म्हणालो. ओरडलो. ती हसते आहे. दार लोटते आहे—

मी हलणार नाही. दोन्ही खांदे दोन्ही भिंतींना— हलणार नाही—

ती समोर. डोळ्यांत पाणी. खरेच दारात उभे राहिलात, म्हणते. पुढे येऊ नकोस, म्हणतो—

आत तरी येऊ द्या म्हणते. दंड धरला आहे माझा. किती हलक्या हाताने. लहान मुलाला सारावे तसे मला बाजूला—