दोन्हीकडे चालणारा शब्द

बाई, काल मी पुन्हा एका सभेत नको तिथे हसले. आपल्याच गावात, पदवीधर शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा नवा आराखडा ठरवायची बैठक होती. मला बोलावलं होतं ते शाल घेऊन खाली बसायला. या वयात मान देतात तो गप्प राहण्याबद्दल, हे मला कळतं, पटत नाही. पडद्यावर तक्ता लावला होता. मानसशास्त्राला इतके तास, मूल्यमापनाला इतके, आणि शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरांत: अभ्यास, छह महीने. माझ्या शेजारी जळगावहून आलेल्या एक प्राध्यापिका बसल्या होत्या. त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आजी, सहा महिने नुसता अभ्यासच करत बसायचं, तर वर्गावर कधी जायचं हो?" हिंदीत अभ्यास म्हणजे सराव, वर्गात उभं राहून शिकवण्याचा सराव, हे त्या बिचारीला कोणी सांगितलं नव्हतं. मी इतक्या जोरात हसले की बोलणारा तरुण अधिकारी थांबला आणि कोणीतरी माझ्यासाठी पाणी घेऊन धावलं. त्यांना वाटलं, ठसका लागला. घरी येऊन तुम्हांला लिहायला बसले, कारण हा विनोद पुरता कळणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

ते नवं राज्य झाल्यानंतरचं वर्ष. नागपूर तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो आणि राजधानी भोपाळला गेली. कुठला माळवा, कुठलं रीवा आणि कुठलं आपलं बऱ्हाणपूर, सगळं एका राज्यात शिवायचं काम चाललं होतं आणि मराठी शाळांतली आम्ही माणसं नेमकी शिवणीवर सापडलो होतो. जुन्या प्रत्येक राज्याचे शिक्षकांचे नियम वेगळे. आता सगळ्यांना एकच लागणार होते. पदवी आहे पण प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नाही, अशांना कायम करणार नव्हते. प्रशिक्षित उमेदवार आला की त्यांनी जागा सोडायची. आपल्या शाळेत अशा दोघी होतो. एक मी, नागपूरच्या वक्तृत्व स्पर्धांतल्या ढाली घेऊन आलेली. वडील गेलेले, आई आणि दोन धाकटे भाऊ माझ्या पगारावर. दुसऱ्या फोपनार गावच्या वहिनी, ज्यांना शाळेतल्या पोरीसुद्धा वहिनीच म्हणत. माहेरी अमरावतीला बी.ए. झालेल्या, पदरात तीन मुलं, घरचा केळीचा मळा, आणि तरी सकाळच्या मोटारीने शाळेत हजर. प्रशिक्षणासाठी वर्षभर बिनपगारी जबलपूरला जाऊन राहणं दोघींनाही शक्य नव्हतं. मी म्हणाले, मोर्चा काढू. मुख्याध्यापिका तुम्ही. म्हणालात, "काढ. येताना कोथिंबीर घेऊन ये. तोवर ते प्रशिक्षण इथं कसं आणता येईल ते मी बघते."

आणि खरोखरच ते तुमच्या स्वयंपाकघरात सुरू झालं. तुम्ही पाटावर बसून कळण्याच्या भाकरी थापता आहात, वहिनी ठेचा कुटता आहेत आणि मी हातात खडू घेऊन फरशीवर चौकटी आखते आहे. कागद तुम्ही आणू देत नव्हता. "फरशीवरचं पुसायला लाज वाटत नाही," म्हणायचात, "कागदावर लिहिलं की माणूस त्याचा वकील होतो." योजना साधी होती. सुट्ट्यांमध्ये खंडव्याला व्याख्यानं, परीक्षा विद्यापीठाची, आणि बाकीचं वर्ष आपल्याच शाळेत, जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली. पाठ द्यायचे ते ज्या वर्गाची जी भाषा तीत, ही माझी अट. राज्य बदललं म्हणून लेकराच्या तोंडातली भाषा बदलत नाही, हे मी तेव्हाही ओरडून सांगत होते, आजही सांगते, आणि या एका गोष्टीसाठी मी तुमच्याशीही भांडले असते. पण तुम्ही भांडलातच नाही. भाकरी उलटली आणि म्हणालात, "हे बरोबर आहे. पण हे भाषणात सांगून पटायचं नाही कोणाला."

भाषण हा शब्द तुम्ही मला टोचायलाच वापरत होतात. त्याच आठवड्यात तुम्ही माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसला होता. मी ऋतू शिकवत होते. काय शिकवत होते! पृथ्वी कललेली, सूर्य स्थिर, आणि माझा आवाज ओसरीवरून थेट रस्त्यापर्यंत. तास संपल्यावर तुम्ही म्हणालात, "फार छान. टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या." मी फुलले. मग तुम्ही विचारलंत, "पोरी काय म्हणाल्या?" मी म्हणाले, काही नाही. "तेच तर. प्रश्न तू विचारतेस आणि तूच धावत जाऊन उत्तर घेऊन येतेस. पोरी बिचाऱ्या दारातच उभ्या." मला इतका राग आला की संध्याकाळी मी येणारच नव्हते. आले, कारण वहिनींनी ओढून आणलं. तुम्ही मसाल्याचा डबा उघडलात आणि माझ्या तळहातावर एक लवंग ठेवलीत. म्हणालात, "प्रश्न विचारलास की ही दाताखाली धरायची. कितीही तिखट लागली तरी पोरींनी तोंड उघडेपर्यंत तू उघडायचं नाहीस." वक्ते घसा मोकळा व्हावा म्हणून लवंग खातात. मला ती घसा बंद व्हावा म्हणून मिळाली. पुढे तुम्ही एक छोटी पितळी डबीच दिलीत, लवंगा भरून. वहिनी म्हणाल्या, "बाई, हिला लवंगा नाही पुरायच्या, सुपारी द्या, अख्खी."

आपलं खरं भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवर. मला त्या वर्षभरात वाचन हवं होतं. जगातल्या थोर शिक्षणवेत्त्यांनी काय म्हटलं आहे ते ज्याने वाचलं नाही त्याने मुलांसमोर उभंच राहू नये, असं माझं मत होतं. मी फरशीवर पुस्तकांची मोठी चौकट आखली की तुम्ही ओल्या फडक्याने ती लहान करत होता आणि तिथे वर्ग, वर्ग, पुन्हा वर्ग लिहीत होता. मी पुन्हा आखायची. असं कितीतरी संध्याकाळी चाललं. शेवटी एक दिवस तुम्ही दोन्ही चौकटी पुसल्या, एकच मोठी आखली आणि तिच्यात लिहिलंत: अभ्यास, सहा महिने. "घे. तुझंही आलं, माझंही आलं." मी जिंकले होते! अभ्यास म्हणजे वाचन, टिपणं, चिंतन, दुसरं काय? योजना हिंदीत उतरवायचं काम तुम्ही माझ्यावरच सोपवलंत आणि म्हणालात, "बाकी सगळं हिंदी कर. हा शब्द असाच राहू दे. दोन्हीकडे चालतो." आपली हिंदी बाजाराची, विणकरांच्या मोहल्ल्यातली. त्या हिंदीत सरावाला मश्क म्हणत. सरकारी कागदांतली ती संस्कृतच्या इस्त्रीची हिंदी आमच्यासाठी नवीन होती. मी शब्द ठेवला.

मग योजना तपासायला भोपाळहून एक साहेब आले. दुष्ट माणूस नव्हता. रेल्वेने दमलेला, खोकला झालेला, आणि अशा कितीतरी गावांच्या योजना वाचून डोळे लाल झालेला. तुम्ही चहाचं बघायला बाहेर गेला होता. साहेबांनी कागद वर करून विचारलं, "इसमें लिखा है छह मास अभ्यास. यह अभ्यास होगा कहाँ?"

वहिनी उत्साहाने उभ्या राहिल्या. "घर पे, साहब."

"घर पर?"

"हौ. रात को. सब काम निपटा के."

"घर पर कैसे होगा? बच्चे कहाँ से आएँगे?"

वहिनी जरा बिचकल्या. "बच्चे तो घर में ही हैं, साहब. तीन."

"तीन बच्चों पर अभ्यास?"

"बच्चों पर कैसे होगा? बच्चे सो जाएँगे तभी तो होगा!"

साहेबांनी चष्मा काढला. "सोते हुए बच्चों को पढ़ाएँगी आप?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि साहेबांचा चेहरा मिटला. त्यांना वाटलं, ही खेड्यातली माणसं आपली थट्टा करताहेत. ते शांतपणे म्हणाले, "तो यह डाक से पढ़ने वाली योजना हुई. इस पर शासन प्रमाणपत्र नहीं दे सकता." आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. त्या एवढ्याशा आवाजात माझी नोकरी, वहिनींची नोकरी आणि माझ्या भावांच्या शाळा बंद झाल्या. मी उभी राहिले. भाषण तयारच होतं. मातृभाषा, अन्याय, शिवणीवर चिरडली जाणारी माणसं, सगळं जिभेवर आलं होतं. पहिला शब्द निघणार तोच पाठीमागून तुमचा हात खांद्यावर पडला.

"बस व पोरी."

मी बसले. तुम्ही चहाचा पेला साहेबांपुढे ठेवलात. "साहब, आपने जो समझा वही अभ्यास है. इन्होंने जो समझा वो रात का है, उसका प्रमाणपत्र कोई नहीं माँगता. दिन का अभ्यास देखना है तो बगल के कमरे में चलिए. चाय साथ ले लीजिए." आणि माझ्याकडे वळून मराठीत, हळू आवाजात: "भाषण नको. पाठ दे. डबी आहे ना?"

सातवीचा वर्ग. साहेब मागच्या बाकावर, गुडघे पोटाशी. मी तयारी केलेली नव्हती, म्हणून रोज डोळ्यांसमोर असलेलंच विचारलं. गोदावरी पूर्वेला जाते, कृष्णा पूर्वेला जाते, मग आपली तापी पश्चिमेला का जाते? आणि लवंग दाताखाली धरली. बाई, ती शांतता! मी हजारो लोकांपुढे बोलले पुढे आयुष्यात, पण त्या वर्गातल्या शांततेइतकी भीती मला कशाचीच वाटली नाही. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. लवंग फुटली, जीभ पेटली, डोळ्यांत पाणी आलं. माझ्याकडे इतकं सुंदर उत्तर होतं आणि मी ते गिळत होते. मग जैनाबादहून नावेने येणारी एक पोरगी बसल्या बसल्याच म्हणाली, "तिकडं उतार असंन म्हणून."

दुसरी म्हणाली, "नर्मदा भी तिकडंच जाते ना मंग."

"म्हंजे दोघींलेबी तोच उतार."

"दोघींच्या मधी तं डोंगर आहे! एकच उतार कसा असंन?"

आणि वर्ग सुटला. एकीने पाटीवर डोंगर काढला, दुसरीने तो खोडला. साहेबांना मराठी येत नव्हती, पण नद्यांची नावं आणि पाटीवरचे डोंगर त्यांना कळत होते. चहा गार झाला. मध्येच त्यांच्याच तोंडून निघालं, "फिर गोदावरी इधर क्यों नहीं आई?" जैनाबादची पोरगी मागे वळून म्हणाली, "उसका मायका अलग है, साहब." ते खोकला येईपर्यंत हसले. वर्गाबाहेर येताना म्हणाले, "भाषा नहीं आती मुझे, पर पाठ पूरा समझ में आया." टोपण काढलं आणि अभ्यास या शब्दापुढे स्वतःच्या हाताने लिहिलं: कक्षा में, कक्षा की भाषा में. एक तुकडी मंजूर झाली, प्रयोगापुरती. त्या तुकडीत वहिनी आणि मी बसलो आणि दोघीही कायम झालो.

साहेबांची मोटार गेली तशी मी तुमच्यावर उसळले. "बाई, सगळे सहा महिने वर्गात गेले! माझी पुस्तकं?" तुम्ही म्हणालात, "कोणी हिसकावली का? रात्र तुझीच आहे." आणि वहिनी म्हणाल्या, "हौ. पोरं निजल्यावर." तिघी ओसरीवर हसत बसलो. शब्दाचा घोटाळा झाला आणि आपण थोडक्यात वाचलो, असंच मी समजले. कितीतरी व्यासपीठांवर ही गोष्ट मी तशीच सांगितली आहे, लोक हसले आहेत.

तुम्ही गेलात तेव्हा तेराव्याला तुमच्या धाकट्या बहिणीने सहज सांगितलं की लग्नानंतरची पहिली कितीतरी वर्षं ताई इटारसीला होती, रेल्वेच्या हिंदी शाळेत शिकवत होती. मी हातातला द्रोण खाली ठेवला. तुम्ही कधी बोलला नाहीत. मीही विचारलं नाही. तेव्हा मी बोलत होते. म्हणजे इस्त्रीची हिंदी तुमच्या घरची होती. तो शब्द दोन्हीकडे चालतो हे तुम्ही म्हणालात, पण दोन्हीकडे सारखा चालतो असं कुठे म्हणाला होता? चहाचं बघायला तुम्ही नेमक्या तेव्हाच का गेलात हे मात्र मी अजून ठरवू शकलेले नाही. एवढा धोका तुम्ही मुद्दाम पत्करणार नाही, असं एक मन सांगतं. दुसरं मन तुम्हांला ओळखतं.

काल पाणी पिऊन झाल्यावर मी उठलेच, बाई. त्या तरुण अधिकाऱ्याला विचारलं, "बेटा, इस तख्ते में पाठ किस भाषा में होगा, यह कहाँ लिखा है?" सगळ्यांना वाटलं, आता म्हातारी तासभर झोडपणार. मी डबी काढली, लवंग तोंडात टाकली आणि तशीच उभी राहिले. सभागृह चुळबुळलं. त्याने तक्ता पाहिला, पुन्हा पाहिला. शेवटी म्हणाला, "नहीं लिखा, माताजी. लिखना पड़ेगा." मग जळगावच्या बाईंना शेजारी बसून मी अभ्यास या शब्दाचा अर्थ सांगितला. दोन्ही अर्थ सांगितले.

हे पत्र कुठेच जायचं नाही. तरी इतकी वर्षं राहिलेला प्रश्न लिहून टाकते: तुम्हांला ठाऊक होतं ना? लवंग दाताखाली आहे. वाट पाहते आहे. आणि एक कबूल करते, उत्तर येणार नाही याचं मला फार दुःख नाही. तुम्ही 'हो' म्हणाला असता, तर त्यावर मी लगेच भाषणाला उभी राहिले असते.