आईची पाठ केलेली उत्तरं

ताई,

आईला आज नाश्ता देऊनच आण. आज विजेचे शॉक नाहीत, त्यामुळे उपाशी राहायला नको; फक्त स्मरणशक्तीची तपासणी आहे. मी पुढे निघालो आहे, डॉक्टरांना आधी एकटं गाठायला. मागच्या तपासणीत तिने सगळी उत्तरं अचूक दिली, कारण आदल्या दिवशी मी ती तिच्याकडून घोकून घेतली होती. गुण कमी पडले, म्हणजे शॉकने तिची स्मरणशक्ती ढासळतेय असं दिसलं, तर उपचार थांबतील आणि ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहील, याची धास्ती होती. त्या खोट्या गुणांवरच डॉक्टर पुढचे शॉक ठरवत आहेत. मला आता हे पेलवत नाही. माझ्यावर हवी तेवढी रागाव, पण वाटेत तिला काही पढवू नकोस. माझ्याबद्दल ‘धाकटा कुठे गेला?’ असं ती विचारेलच. नाही विचारलं, तर तेही डॉक्टरांना सांग.