थरथरण्याचा होमवर्क

४ जानेवारी
दिवाळीपासून इथे एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफी. कारण, कामाचा ताण. हे कारण खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. असो.
शरीरावरून मनावर उपचार करणाऱ्या राजेश्वरी मॅडमकडे जायला लागलोय. छाती आवळते. गावाकडून, माणहून, फोन आला की जास्तच. आई गेल्याचा फोन आला तेव्हापासून. पण मूळ कारण कुपवाडच्या आमच्या कारखान्यातलं ऑडिट, हे मी त्यांना पहिल्याच सेशनला समजावून दिलं. त्यांनी विचारलं, हे बोलताना तुमचे खांदे कुठे आहेत? जागेवर आहेत म्हणालो. भिंतीवर आरसा होता. खांदे कानांना टेकले होते.
संकल्प: मार्चपर्यंत पूर्ण बरा होणे.

९ जानेवारी
आई गेल्यावर आबांना गावाहून सांगलीला फ्लॅटवर आणलं. गीझर आहे, टीव्ही आहे. तरी पिशवी भरूनच ठेवतात आणि बाल्कनीत घोंगडं टाकून झोपतात. आज म्हणाले, "मेंढ्या व्याल्या असत्याल आता." त्या गावी चुलत्यांकडे, तात्यांकडे आहेत, काळजी नको म्हटलं. उन्हाळा सरला की सोडतो म्हटलं. नंतर आठवलं, मागे थंडी सरली की म्हणालो होतो.
त्यांच्याच भल्यासाठी. एकटे तिथे पडले-झडले तर?

१५ जानेवारी
होमवर्क: उभं राहून गुडघे सैल सोडायचे, अंग थरथरू द्यायचं, आतून जे येईल ते येऊ द्यायचं. संकटातून सुटलेली जनावरं असंच करतात म्हणे. बायको उत्कर्षा शाळेत शिकवायला गेलेली, आबा खाली कट्ट्यावर असतील असं समजून हॉलमध्ये सुरू केलं. आधी काही होईना. मग जमलं. फारच जमलं. हुंकारही निघाला. डोळे उघडले तर समोर आबा, हात जोडून. काही कळायच्या आत कपाळाला भंडारा.
"आलास व्हय रं बिरोबा? लय दिसांनी." मग ज्या माणसाने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही त्याने विचारलं, "देवा, पोरगं मला गावाकडं कवा सोडंल?"
ही थेरपी आहे, असं सांगायला तोंड उघडलं. निघालं ते, "हितंच ऱ्हा."
आबांनी माझ्या पायांवर हात ठेवले, मग डोकं.

१६ जानेवारी
आबांनी पिशवी रिकामी केली. धोतरं कपाटात गेली. उत्कर्षा म्हणाली, "काय जादू केलीत?" समजावलं म्हटलं.
मी खोटं बोललो का? आतून जे येईल ते येऊ द्यायचं होतं. आलं. पद्धतीत चूक नाही.
आबा अर्धीच भाकरी खातात. हवा बदलली असेल.

२३ जानेवारी
मॅडमना सगळं सांगायचं ठरवून गेलो. होमवर्क उत्तम झाला, असं सांगितलं. आत्ता शरीरात काय जाणवतंय? काही नाही म्हणालो. कपाळ खाजत होतं.

३० जानेवारी
आबा आता मेंढ्यांचं नावही काढत नाहीत. हे चांगलं लक्षण असेल असं वाटत होतं. तसं नसावं.
सदोष माल गेला असेल तर परत बोलवायचा, हा आमच्या क्वालिटी विभागाचा नियम. त्यानुसार योजना: पुन्हा थरथरायचं आणि देवाकडूनच निर्णय फिरवून घ्यायचा. कुणालाही कमीपणा नाही.

३१ जानेवारी
थरथरलो. हुंकार दिला. आबा चहा पीत राहिले. "गावाकडं जा," देवाच्या आवाजात म्हणालो.
"बस खाली, भाऊसो. गुडघं दुखत्याल."
मी देव आहे म्हणालो.
"न्हाईस. तवाबी न्हवतास. पायाला हात लावला तवाच कळलं, बर्फावानी गार. देव आला की अंग तापतंय, गड्या."
मग राहिलात कशाला, विचारलं.
बशी ओठाला लावली, फुंकर घातली. "तू लय भ्यालेलास. म्हनलं, ऱ्हावं जरा पोराजवळ."
बसलो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की खांदे खाली आलेत. यात माझा काही प्रयत्न नव्हता.
संध्याकाळी त्यांची पिशवी शोधली. उत्कर्षाने तिच्यात कांदे भरलेत.
उद्या: कांदे दुसरीकडे काढणे.