बिट्टूची वाटी

बुधवार, संध्याकाळ

पॉमेरेनियनचं पिल्लू आणायचं ठरलं तेव्हा खर्चाच्या यादीत खाण्यापुढे मीच लिहिलं होतं, "घरचंच." एवढासा जीव, दूधपोळीत भागेल! आल्यापासून बिट्टू वाटी चाटूनपुसून संपवायचा. आज जुलाब थांबेनात, उभंही राहवेना त्याला. गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाई सलाईन लावता लावता म्हणाल्या, "दूध सोसलं नाही हो त्याला." सलाईन, औषधं, लस, वेगळं खाणं... यातलं काय धरलं होतं मी? काहीच नाही. लेकीच्या, सईच्या शाळेच्या सहलीचे पैसे तिथेच गेले. उद्याचं इंजेक्शन कशातून? ह्यांना काय सांगू? सईला तर अजून काहीच बोलले नाही. आणि हे लिहितेय तोवर स्वयंपाकघरातून वाटीचा आवाज, पाठोपाठ सईचा, "बिट्टू, माझं पण दूध घे, म्हणजे बरा होशील."